पाण्याच्या टाकीत पंखा

नळसाहेबांना दार मिळालं असतं तर त्यांच्या पदरात काय काय पडलं असतं, ते आधी मांडून ठेवू. म्हणजे पुढे त्यांनी जे केलं त्यावरून त्यांना वेडा म्हणायची घाई कोणी करणार नाही. डबा उघडल्याबरोबर "आज काय आणलंत?" म्हणत चारही बाजूंनी पुढे येणारे चमचे थांबले असते. दुपारी घटकाभर डोळा लागला असता आणि त्याला साक्षीदार उरला नसता. बूट काढता आले असते. गुणगुणता आलं असतं. त्यांचा सूर बेसूर होता हे खरं, पण तो निदान खाजगी बेसूर राहिला असता. आणि सगळ्यात मोठा लाभ म्हणजे हॉलच्या दुसऱ्या टोकाहून "भाऊजी!" अशी हाक आली की उठून, शांतपणे, दार लावून घेता आलं असतं.

घरी दाराच्या नावाने शून्य. दोन खोल्या आणि मधे पडदा. आतलं दार एकच, न्हाणीघराचं, आणि तिथे शिरावं तर कडी घालायच्या आत बाहेर कोणीतरी टॉवेल खांद्यावर टाकून हजर. मुलगी व्हायोलिन शिकत होती. म्हणजे ती व्हायोलिनला छळायची आणि व्हायोलिन घराला. सासूबाईंना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्यांचा रेडिओ त्या सोडून सगळ्या गल्लीला ऐकू जायचा. बायको स्वभावाने शांत होती, पण एवढ्या आवाजात शांत माणसालाही ओरडूनच बोलावं लागतं.

ऑफिसात तरी काय? एक लांबलचक हॉल, टेबलाला टेबल चिकटलेलं, आणि दार फक्त थोरल्या साहेबांना.

इमारतींचे आराखडे करणं हा त्या ऑफिसचा धंदा. दुसऱ्यांच्या इमारती काढता काढता एक दिवस कंपनीने स्वतःची नवी इमारत काढली. न्हाव्याने आरशात बघून स्वतःचे केस कापावेत, तसा तो प्रकार होता: हात सराईत, पण मागचं कोणाला दिसेना. नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर, जिन्याच्या बाजूला, एक कोपरा कोणाच्याच नावावर नव्हता. नळसाहेबांनी तो पहिल्याच दिवशी पाहिला आणि त्यांच्या मनात त्या कोपऱ्याला दार फुटलं.

आता हे लोक काम कसं करतात ते थोडं सांगायला हवं. पूर्वी प्रत्येक इंजिनियर आपापला कागद काढायचा आणि भांडणं बांधकामावर व्हायची. आता सगळी इमारत कॉम्प्युटरमध्ये आधी उभी राहते. सर्व्हरवर एकच मॉडेल. त्यात खांबवाला खांब घालतो, वीजवाली तारा ओढते, नळवाला नळ फिरवतो, आणि एकाने काही हलवलं की बाकीच्यांच्या स्क्रीनवर तेही हलतं. रोज सकाळी यंत्र टकरींची यादी पाठवतं: अमुक नळ तमुक तुळईच्या पोटात शिरला आहे, अमुक तार जिन्यावरच्या माणसाच्या गळ्यात येते आहे. मग ज्याने त्याने त्या टकरीखाली शेरा लिहायचा आणि कोण सरकणार ते ठरवायचं. तोंडी बोललेलं कोणी धरत नाही. त्यामुळे हाताला हात लागेल इतक्या जवळ बसलेली माणसं एकमेकांना दिवसभर लिहीत असतात, आणि शेजाऱ्याचा शेरा वाचून हसू आलं तरी स्क्रीनकडे बघूनच हसतात.

याला अपवाद एकच, खांबसाहेब. हा नळसाहेबांचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. तो आधी हाक मारायचा, मग तेच लिहायचा, आणि मग लिहिलंय हे सांगायला पुन्हा हाक मारायचा. घरच्या आणि ऑफिसच्या गोष्टी तो एकाच परातीत मळायचा. मॉडेलमधल्या एका खांबाला त्याने शेरा लावला होता: "भाऊजी, हा दोन बोटं सरकवू का? आणि ताईने दूध सांगितलंय." आर्किटेक्टबाई दूरच्या शहरातल्या शाखेत बसायच्या. त्यांना कोणी कधी पाहिलं नव्हतं, आवाजही ऐकला नव्हता. पटलं की त्या नुसता अंगठा दाखवायच्या. त्यांनी या शेऱ्यालाही अंगठा दाखवला. खांबाला की दुधाला, ते कळलं नाही. मेव्हण्याने खांब सरकवला आणि दूधही आणलं.

तर तो कोपरा. या धंद्यात जागा मागायची एक रीत आहे. बोटभर हवी असेल तर हातभर मागायची, आणि तीही इतरांच्या आधी. मागायची म्हणजे मॉडेलमध्ये एक रिकामी पेटी ठेवून द्यायची. पेटी दिसली की सगळे तिच्याकडेने जातात. रुमाल टाकून धरलेल्या जागेवर सहसा कोणी बसत नाही, तसंच. नळसाहेबांनी कोपऱ्यात खोलीएवढी पेटी काढली. यंत्राने विचारलं, ही वस्तू काय आहे? "खोली" लिहायला आर्किटेक्टची परवानगी लागत होती. नळसाहेबांच्या लॉगिनला परवानगी होती ती नळ, तोट्या आणि टाक्यांची. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि "टाकी" दाबलं.

बेत सरळ होता. सगळ्यांचे खांब, तारा, पाइप कोपरा सोडून निघून जाऊ द्यायचे. मॉडेल एकदा गोठवलं की कोणालाच काही बदलता येत नाही; त्याच्या आदल्या दिवशी टाकी पुसून टाकायची. मग हळहळत म्हणायचं, "अरेरे, टाकीची गरजच पडली नाही. जागा मात्र रिकामी राहिली. वाया कशाला घालवायची? बसतो मीच, काय करणार." ही वाक्यं त्यांनी न्हाणीघरात म्हणूनही पाहिली. बाहेरून बायको म्हणाली, "कोणाशी बोलताय?"

"गुळण्या करतोय."

दुसऱ्याच दिवशी पहिली हाक आली.

"भाऊजी! टाकी काढलीत? सांगितलं नाहीत!"

"छोटीशीच आहे रे."

"छोटीशी कसली, माणूस आडवा पडेल एवढी आहे! भरल्यावर वजन किती?"

नळसाहेबांनी मनात हिशोब केला. रिकामी म्हणावं तर टाकी कशाला, भरलेली म्हणावं तर वजन आलं. ते म्हणाले, "भरलेलीच धर."

मेव्हण्याने धरली. नुसती धरली नाही, मायेने धरली. भाऊजींची टाकी म्हणजे घरचं कार्य, त्यात हात आखडता कसा घ्यायचा? संध्याकाळपर्यंत त्या कोपऱ्याखाली असे खांब उभे राहिले की त्यांच्यावर टाकी काय, आख्खा तलाव ठेवला असता तरी ते कुरकुरले नसते. खांब म्हटला की तो जमिनीपर्यंत जायलाच हवा; त्यातला एक जाता जाता खालच्या मजल्यावरच्या सभागृहात, थोरल्या साहेबांच्या टेबलाच्या बरोबर मधून गेला.

थोरले साहेब शेरे क्वचित लिहायचे, पण लिहिला की हॉलमधल्या खुर्च्या सरळ व्हायच्या. त्यांनी लिहिलं, "माझ्या टेबलातून हे काय उगवलं आहे?"

मेव्हण्याने उत्साहाने उत्तर दिलं, "साहेब, वर भाऊजींची टाकी आहे."

"भाऊजी ही कोणती कंपनी?"

उलगडा झाल्यावर थोरल्या साहेबांनी नळसाहेबांकडे टाकीचं कारण मागितलं. आता कारण लिहिणं ही नळसाहेबांच्या हातातली कला होती. चांगल्या कामाचं कारण कोणीही लिहील. नसलेल्या कामाचं लिहायला प्रतिभा लागते. त्यांनी आपत्कालीन जलसाठ्याबद्दल असं काही लिहिलं की वाचणाऱ्याच्या घशाला कोरड पडावी. "तहानलेली इमारत" असा शब्दप्रयोग त्यात होता. थोरल्या साहेबांनी ते दोनदा वाचलं, स्वतः एक पेला पाणी प्यायले, आणि सगळ्या शाखांना पाठवून दिलं, वर लिहिलं, "दूरदृष्टी कशाला म्हणतात ते बघा." टेबलाला मधे भोक पाडून घेण्याचंही त्यांनी आनंदाने कबूल केलं.

इथेच थांबले असते तरी नळसाहेब वाचले असते. पण स्तुतीने माणूस हलका होतो आणि हलका माणूस वाऱ्यावर जातो. त्यांना वाटलं, टाकी पुसल्यावर दिवा, पंखा, खिडकी मागायची म्हणजे पुन्हा दहा जणांच्या विनवण्या. मॉडेल एकदा गोठलं की तेही नाही. मग आत्ताच टाकीच्या नावावर मागून घेतलं तर?

विजेचं काम बिजलीबाईंकडे होतं. वयाने नळसाहेबांएवढ्याच, नजरेने दुप्पट. नळसाहेबांचे मागणीचे शेरे वाचून त्या चहाच्या यंत्रापाशी समोर येऊन उभ्या राहिल्या.

"नळसाहेब, टाकीत दिवा मागितलात."

"तपासणीला. अंधारात पाणी दिसत नाही."

"बरं, दिला. आणि पंखा?"

"वाफ धरते."

"गार पाण्याला?"

"दमट म्हणायचं होतं मला."

"आणि हे प्लग? टेबलाच्या उंचीवर, दोन?"

"एक मोटारीला."

"दुसरा?"

"दुसऱ्या मोटारीला."

"दोन मोटारी पाण्यात बसून काय करणार? गप्पा मारणार?"

नळसाहेबांनी चहाचा असा घोट घेतला की पुढे बोलणं शक्यच नव्हतं.

"प्लग देणार नाही," बिजलीबाई म्हणाल्या. "पाण्यात प्लग दिला तर आपण दोघंही फोटोसकट पेपरात येऊ. पंखा देते. छताला, जाळीत. पण तुमच्या टाकीला पंप आला, दिवा आला, पंखा आला; ते चालू-बंद करायच्या कळांना जागा लागेल. शेजारी माझी एक पेटी टाकते. शेरा येईल, तेवढं मान्य करा."

पंखा मिळाला या आनंदात नळसाहेबांनी शेरा आल्याआल्या "मान्य" दाबलं. पेटी उघडून बघितलीसुद्धा नाही. चोराला सगळे चोर दिसतात म्हणतात. नळसाहेबांना दिसले नाहीत, इथेच त्यांचं चोरपण कच्चं ठरलं.

खिडकीसाठी त्यांनी आर्किटेक्टबाईंना लिहिलं: पाण्याची पातळी दिसण्यासाठी भिंतीत काच हवी. उंची किती, तर बसलेल्या माणसाच्या डोळ्याएवढी. पलीकडून अंगठा आला. दुसऱ्या दिवशी टाकीला गोल, देखणी, जहाजाला असते तशी खिडकी बसली होती, आणि खाली आर्किटेक्टबाईंचा आजवरचा पहिला शब्द: "सुंदर." मग नळसाहेबांनी भीतभीत तपासणीच्या दाराची मागणी घातली. अंगठा आला आणि दारही आलं, पण छतात, लोखंडी झाकणाचं, बाहेरून शिडी लावून चढायचं. नळसाहेब त्यालाही हो म्हणाले. भिंतीला दार पाडायला काय लागतं? एक घण आणि एक सुट्टीचा दिवस.

एवढ्यात टकरींच्या यादीत एक नवी ओळ येऊ लागली: "टाकी कोरडी आहे. नळ जोडलेला नाही." रोज सकाळी तीच ओळ, तांबड्या अक्षरात. लोक विचारायला लागले. नळसाहेबांनी यंत्राचं तोंड बंद करायला एक नळ जोडला. मग यंत्र म्हणालं, पाणी येतं पण जात नाही. त्यांनी जाणारा नळही जोडला. असं करत करत, आपल्या हाताने, नाइलाजाने आणि उत्तम कारागिरीने, त्यांनी इमारतीतली सगळ्यात परिपूर्ण टाकी तयार केली.

मॉडेल गोठवायच्या आदल्या दुपारी त्यांनी टाकीवर बोट ठेवलं आणि "पुसा" दाबलं.

यंत्र म्हणालं: "या वस्तूवर इतरांचं काम अवलंबून आहे. संमती मागू?"

नळसाहेबांना वाटलं, यंत्र यंत्राशी काय ते बघून घेईल. त्यांनी "हो" दाबलं.

हॉलमध्ये एक टेबल टिणटिणलं. मग शेजारचं. मग लाट यावी तसे सगळ्यांचे कॉम्प्युटर एकामागून एक वाजत गेले, आणि प्रत्येक स्क्रीनवर एकच ओळ उभी राहिली: "नळसाहेब टाकी काढू इच्छितात. कारण: दिलेलं नाही." आणि मग, अर्थातच:

"भाऊजी!"

आर्किटेक्टबाईंचा अंगठा आला, पण उलटा. थोरल्या साहेबांनी लिहिलं, "कारण काय? सगळ्या शाखांना मी काय तोंड दाखवू?" बिजलीबाईंनी लिहिलं, "नामंजूर. टाकी नाही तर पंप नाही, पंप नाही तर कळा नाहीत, कळा नाहीत तर माझी खोली नाही."

खोली? नळसाहेबांनी त्या दिवशीची पेटी आता उघडली. आत विजेच्या कळांची एक पाटी होती, भिंतीला सरळ चिकटून बसलेली, सभ्य. आणि तिच्यासमोर भरपूर मोकळी जागा, खिडकी, पंखा, टेबलाच्या उंचीवर दोन प्लग, आणि एक दार. लाकडी, जाडजूड, आतून कडी आणि बाहेरून कुलूप असलेलं दार. त्यावर पाटी: "धोका. आत येऊ नये."

ते उठून बिजलीबाईंच्या टेबलापाशी गेले. ऑफिसात पहिल्यांदा त्यांनी एखादी गोष्ट न लिहिता विचारली.

"ही पेटी आहे?"

"तुमची टाकी आहे तशीच," त्या स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या.

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं."

"बसलेल्या माणसाच्या डोळ्याएवढ्या उंचीवर खिडकी मागितलीत. पाणी काय बसून रस्त्यावरची गंमत बघणार होतं?"

"मग सांगायचं नाहीत का?"

"सांगणारच होते. तेवढ्यात तुम्ही 'मान्य' दाबलंत."

"बाई, पण हे... ही तर फसवणूक झाली!"

आता त्यांनी मान वर केली. "कोणी कोणाला बोलावं, नळसाहेब! माझी खोली नियमात आहे. कळा असतील तिथे उभं राहायला जागा लागते, दार लागतं, दाराला कुलूप लागतं. छापील नियम आहे. तुमच्या टाकीला नियमाने काय लागतं माहीत आहे? पाणी."

त्या संध्याकाळी नळसाहेब घरी पोहोचले तेव्हा मेव्हणा आधीच येऊन बसला होता. समोरचा चहा निवत होता आणि तो चहाकडे बघत होता. पडद्यापलीकडे व्हायोलिन चालू होतं, त्यामुळे प्रसंगाला नको तेवढं कारुण्य आलं होतं.

"माझं काही चुकलं का, भाऊजी?"

"नाही रे. तुझा काय संबंध?"

"मग टाकी का काढताय? पहिल्यांदा, ताई, पहिल्यांदा थोरले साहेब माझ्या खांबांना चांगलं म्हणाले. इतकी वर्षं 'जाड झाले, जाड झाले' एवढंच ऐकत आलो. आता टाकी गेली तर ते खांब काय करतील? उद्या कोणीही येऊन विचारील, रिकाम्या कोपऱ्याखाली हे हत्तीचे पाय कोणी उभे केले? वेडा होता का? आज रात्रीत बारीक करायचे म्हटलं तर सगळी इमारत पुन्हा मोजावी लागेल."

बायको नवऱ्याकडे वळली. "अहो, काय भानगड आहे ही?"

आणि नळसाहेबांनी सांगून टाकलं. टाकी टाकी नव्हतीच. त्यांना खोली हवी होती. दाराची. कोपऱ्यातली. बिजलीबाई काय म्हणाल्या तेही सांगितलं. व्हायोलिन नेमकं तेव्हाच थांबलं आणि सासूबाईंचा रेडिओ दोन गाण्यांच्या मधे होता, त्यामुळे कधी नव्हे ते घरातल्या सगळ्यांना सगळं स्वच्छ ऐकू गेलं.

"दार? कोणापासून?" बायको म्हणाली.

नळसाहेबांनी मेव्हण्याकडे बघणं टाळलं. पण कोणाकडे बघणं टाळतो हेही बघणाऱ्याला दिसतंच.

"माझ्यापासून?" मेव्हणा म्हणाला.

"तुझ्यापासून असं नाही. एकंदरीत."

"भाऊजी, मी हाक मारतो ती आपुलकीने मारतो!"

"माहीत आहे रे. म्हणून तर कान बंद करता येत नाहीत, दारच लागतं."

"मग मागायचं होतंत साहेबांकडे सरळ," बायको म्हणाली.

"मागितलं असतं तर मिळालं असतं का?"

"नसतं मिळालं. पण याच्या खांबांचं हसं होण्याची पाळी आली नसती. आणि त्या बिजलीबाई म्हणतात त्यात काय खोटं आहे? तुम्ही टाकी म्हणालात, त्यांनी टाकी धरली. जग काय तुमच्या मनातलं बांधणार?"

आतून सासूबाई मोठ्यांदा म्हणाल्या, "जावईबापूंना पाणी हवंय का?"

"हवं तेवढं आहे, आई!" बायको ओरडली.

आता प्रश्न एवढाच उरला होता. उद्या सकाळी कारणाच्या रकान्यात काय लिहायचं? खरं लिहिलं तर थोरले साहेब भडकतील, पण कोपरा सुटेल. आणि सुटलेला कोपरा, आज ना उद्या, मिळू शकेल. लाज एक दिवसाची, दार जन्माचं. व्यवहार म्हणून बघितलं तर सौदा वाईट नव्हता. पण त्या व्यवहारात मेव्हण्याचे खांब बुडत होते. मेव्हणा त्या चहाकडे असा बघत होता की जणू त्यातच कुठेतरी त्याचं नाव विरघळलं आहे.

सकाळी नळसाहेबांनी मॉडेल उघडलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "मला बसायला खोली हवी आहे." वाचलं. पुसलं. मग लिहिलं, "नजरचुकीने दाबलं गेलं. टाकी राहू द्यावी." आणि पाठवून दिलं. त्यात मेव्हण्याची दया किती आणि थोरल्या साहेबांची भीती किती, याची वाटणी त्यांनी स्वतःही कधी केली नाही. आपण करू गेलो तर निम्मेनिम्मे म्हणून सोडून द्यावं. लगेच अंगठे आले, सगळे सुलटे. हॉलच्या दुसऱ्या टोकाहून हाक आली, "भाऊजी, बघितलं! मंजूर केलंय! लिहिलंयसुद्धा!" दुपारी मॉडेल गोठलं.

इमारत उभी राहिली, मॉडेलमध्ये होती तशीच्या तशी. बांधणाऱ्यांनी एका विटेचाही प्रश्न विचारला नाही, कारण टकरींची यादी रिकामी होती आणि असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं. उद्घाटनाच्या दिवशी थोरले साहेब पाहुण्यांना थेट वर घेऊन गेले. गोल खिडकीच्या काचेआड हिरवट, नितळ पाणी, त्यावर दिव्याचा उजेड, आणि त्याच्यावर जाळीत गरगर फिरणारा पंखा. पाहुणे काचेला नाक लावून बघू लागले. एक बाई हळूच म्हणाल्या, "मासे कधी सोडणार?"

"ही टाकी," थोरले साहेब म्हणाले, "तहानलेल्या इमारतीचं हृदय आहे."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. नळसाहेबांनीही वाजवल्या, न वाजवून सांगणार कोणाला?

गर्दी खाली गेल्यावर ते शेजारच्या दारापाशी थांबले. आतून पंख्याचा मंद आवाज येत होता, आणि कोणीतरी गुणगुणत होतं. सूर चांगला होता. त्यांनी दारावर टकटक केली.

"कोण आहे?"

"मी. नळसाहेब. जरा आत येऊ?"

"पाटी वाचा."

त्यांनी वाचली. नियमच होता, वाद घालायला जागा नव्हती.

तर आता जमाखर्च. मेव्हण्याला नाव मिळालं. कंपनीच्या प्रत्येक इमारतीचे खांब आता त्याच्या नजरेखालून जातात आणि सगळे जाड असतात. आर्किटेक्टबाईंच्या खिडकीचा फोटो सगळ्या शाखांच्या भिंतींवर लागला. त्या कशा दिसतात ते अजून कोणाला माहीत नाही. थोरल्या साहेबांना मिरवायला हृदय मिळालं, आणि टेबलाच्या मधे खांब आल्यामुळे समोरच्या माणसाचं तोंड बघावं लागत नाही, हा लाभ वरचा. बिजलीबाईंनी एक पंखा दिला आणि एक दार घेतलं. यांतल्या कोणीही आपल्या खिशाला हात लावला नाही.

भरणारा एकच. यंत्राच्या नियमाने टाकीची प्रत्येक तक्रार तिच्या निर्मात्याकडे जाते, आणि ती वस्तू पहिल्यांदा कोणाच्या लॉगिनने काढली हे मॉडेल विसरत नाही. पाणी बोटभर उतरलं की फोन, बोटभर चढलं की फोन, काचेवर शेवाळ धरलं की फोन. जेवताना, झोपताना, सुट्टीच्या दिवशी, न्हाणीघरात. फोन आला की नळसाहेब शिडी लावून वर चढतात, झाकण उघडतात आणि आत डोकावतात. तेवढ्यात खालून मेव्हणा शिडी धरायला धावत येतो, आपुलकीने, कारण भाऊजी पडले तर ताईला काय सांगायचं. आणि शिडी धरून तो त्यांना घरच्या सगळ्या गोष्टी पहिल्यापासून सांगत उभा राहतो, कारण आता भाऊजींना तिथून हलता येत नाही.